खो ऐकू आला पाहिजे

सर, तुमच्या शोकसभेत लोक तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलले की मला उठून जावंसं वाटत होतं. गेले नाही, कारण पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या आणि मी आहे ना, हे दर दोन मिनिटांनी मान वळवून बघत होत्या.

टेबलावर तुमचा फोटो होता. पुरस्काराच्या वेळचा, कोटातला. सगळी नोकरी तुम्ही एका निळ्या ट्रॅकपँटमध्ये काढलीत आणि हार घालून घ्यायची वेळ आली तेव्हा कुणाचा तरी उसना कोट. गळ्यात शिट्टी नाही. मला क्षणभर वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाच्या शोकसभेला आले की काय. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

मग मुख्याध्यापक बोलायला उठले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, घसा खाकरला आणि मी मनात म्हटलं, आली आता ती गोष्ट. आलीच.

"गांगुर्डे सर म्हणजे प्रामाणिकपणा," ते म्हणाले. "खो-खोची जिल्ह्याची फायनल. शेवटचं अर्धं मिनिट. आपल्या मुलींनी गडी टिपला, पंचांनी बाद दिला, आपण जिंकलो! आणि सर उठून उभे राहिले. म्हणाले, आमच्या मुलीचा हात लागला नाही, फाउल द्या. स्वतःच्या शाळेविरुद्ध! असे शिक्षक आता कुठे आहेत?"

हॉलमधून एक लांब सुस्कारा निघाला. या सुस्काऱ्याची मला सवय आहे. गेली पंधरा वर्षं ही गोष्ट जिथे जिथे सांगितली गेली, तिथे तो निघतोच. गोष्टीतल्या त्या 'आमच्या मुली'चं नाव मात्र कुणी विचारत नाही. अलका. राहणार मखमलाबाद. तुम्ही तर कधी नावानं हाकच मारली नाहीत. तुमच्यासाठी पोरी म्हणजे गावं आणि बस स्टॉप. मी 'मखमलाबाद', छाया 'नाशिक रोड', आणि त्या दोन जुळ्या बहिणी 'आडगाव एक' आणि 'आडगाव दोन'.

आता मी बोलते. सभेत नाही बोलले, इथे बोलते.

मी नववीत होते. आमची शेवंती आणि भाजीपाला. पहाटे फुलं तोडायची, मग शाळा, मग तुमचं मैदान. आण्णांना माझं मैदानावर जाणं पसंत नव्हतं. त्यांना तुम्हीच समजावलं होतंत की पोरगी राज्याला खेळली तर दहावीत वाढीव गुण मिळतात, पुढं नोकरीतही बघतात. आण्णा व्यवहारी माणूस. त्यांनी माझ्याशी सौदा केला. "राज्याला गेली तर खेळ बी पुढं, शाळा बी पुढं. नायतर दहावी झाली की आपली शेवंती हाय," म्हणाले. जिल्ह्याची फायनल जिंकली की विभाग, विभागातून राज्य. माझ्यासाठी त्या दिवशी मैदानावर चषक नव्हता, अकरावी होती. हे तुम्हाला माहीत होतं. बाकी कुणालाही नसेल, तुम्हाला होतं.

डिसेंबरची थंडी होती. पाठलाग आमचा होता, मी मागे लागले होते. खांबाजवळ सूर मारला, गडी निसटला, मी दोन्ही तळव्यांवर रेषेवर आपटले आणि तशीच उठून पळाले. पुढच्या चौकोनात छाया बसलेली. मी तिच्या पाठीला हात लावला आणि ओरडले, "खो!" छाया उठली ती तीरासारखी. तिनं दोन ढांगांत गडी टिपला. पंचांनी हात वर केला. आडगाव एक रडायला लागली, आडगाव दोन नाचायला लागली.

आणि तुम्ही उठलात. मैदानाच्या पार त्या टोकाला होतात. "पंच, फाउल आहे," म्हणालात. "हात लागला नाही. नुसता तोंडानं खो दिला."

पंच म्हणाले, "सर, तुमच्याच मुली आहेत."

"म्हणूनच सांगतोय."

पंचांनी बाद फिरवला. मागे जा, पुन्हा सुरू करा. उरलेली सेकंदं कुठे गेली मला कळलंही नाही. बरोबरी झाली, आणि जादा डावात एका गुणानं हरलो. मी तुमच्याकडे धावत आले आणि म्हटलं, "सर, हात लागला होता." तुम्ही माझ्या डोक्यावर टपली मारलीत आणि तुमचं ते ठरलेलं वाक्य बोललात, "पुढच्या मॅचचं बघ."

कुठली पुढची मॅच, सर?

आण्णांना मी घरी जाऊन सांगितलं, हात लागला होता. त्यांनी फुलांच्या क्रेट्स रचता रचता माझ्याकडे पाहिलं. "सर कशाला खोटं बोलतील? आपलीच शाळा हरवायची त्यांना काय हौस हाय? तूच खोटं बोलती." आणि विषय संपला. दुसऱ्या दिवसापासून मैदान बंद. मॅच गेली त्याचं एक वेळ ठीक आहे, मॅच जातातच. माझ्या बापानं मला खोटारडी म्हटलं आणि त्यासाठी साक्षीदार तुम्ही होतात. शाळेत तर माझं नावच पडलं. 'मखमलाबाद' गेलं, 'फाउल' आलं. "ए फाउल, डस्टर दे." "फाउल, तुझ्या डब्यात काय आहे?" दहावी मी या नावानं काढली.

आणि तुम्ही काय केलंत? जानेवारीत तुम्ही ते फक्कीचं घमेलं आणलंत.

मैदान आखायची पांढरी फक्की. घमेलंभर खांबाशी ठेवायचात. सरावाला उतरण्याआधी प्रत्येक पोरीनं दोन्ही तळवे त्यात बुडवायचे. सराव संपला की सगळ्या ओळीत उभ्या आणि तुमची ऑर्डर, "पाठ दाखवा!" जिच्या पाठीवर बोटं उमटली नाहीत तिला खो देणारी गुन्हेगार. मैदानाला दहा फेऱ्या. पोरींच्या आया भांडायला आल्या की कपडे खराब होतात. इतर शाळांच्या पोरी हसायच्या, "फक्कीवाल्या आल्या." तुम्ही ढिम्म हलला नाहीत. मैदानाच्या मधोमध उभे राहून ओरडायचात, "हात लागला पाहिजे आणि खो ऐकू आला पाहिजे! पुढचीला कळलाच नाही तर तो खो नव्हेच!"

मी आधी नववीच्या आणि मग दहावी ब च्या खिडकीतून हे बघायची. मला वाटायचं, हे सगळं मला खिजवायला चाललंय. बघा रे, त्या फाउलसारखं करू नका, म्हणून या पोरींना पांढरे हात. माझ्यामुळे शाळेला अद्दल घडली आणि आता सरांनी त्याचा नियमच केला. इतका राग मला आयुष्यात दुसऱ्या कुणाचा आला नाही. माझ्या नवऱ्याचाही नाही, आणि तो माणूस ओला टॉवेल रोज गादीवर टाकतो.

दहावी झाली. आण्णांनी शब्द पाळला, मी शेवंतीत. एका रविवारी बघते तर तुमची लुना बांधावर. तुम्ही वाफ्यात उभे, पायातले बूट चिखलात, आणि आण्णांना म्हणताय, "आण्णा, पोरीला अकरावीला घाला." आण्णा नाही म्हणाले. पुढच्या रविवारी पुन्हा आलात. आण्णा म्हणाले, "सर, तुमाला दुसरं काम नाय का?" तुम्ही म्हणालात, "नाही." तिसऱ्या रविवारी आईनं तुम्हाला न विचारता चहा टाकला आणि आण्णांनी हात टेकले. मी गोठ्याच्या आडून ऐकत होते. मला रडू आलं होतं, आणि त्याचा आता मला संताप येतो.

त्यानंतर आपलं एक ठरून गेलं. मी कॉलेजात असताना, मग बी.पी.एड.ला असताना, मग सिन्नरच्या शाळेत लागल्यावर, जेव्हा जेव्हा तुमच्या घरी आले तेव्हा दारातच म्हणायचे, "सर, हात लागला होता." आणि तुम्ही म्हणायचात, "चहा घे." काकू आतून हसायच्या. त्यांना वाटायचं, ही गुरू-शिष्याची गंमत आहे. तुमच्या घरात आलेल्या पाहुण्यांनाही त्या सांगायच्या, "यांचं हे नेहमीचं आहे." हळूहळू मलाही ती गंमत वाटायला लागली. किंवा तसं दाखवायला मी शिकले. पण सर, एकदाही, एकदाही मी ते गमतीनं म्हटलं नव्हतं.

एकदा मी तुम्हाला विचारलं होतं की या नोकरीत मिळतं काय? मी नवीन होते. गणिताच्या बाई माझा तास उचलून घेऊन जायच्या, कारण खेळाचा तास म्हणजे मोकळाच. एक पोरगी माझ्या मैदानावर हात मोडून घेऊन बसली होती आणि तिच्या वडिलांनी मला ऑफिसात उभं करून झापलं होतं. दुसरीची आई म्हणत होती, "उन्हात नाचवून माझी पोरगी काळी केली, आता लग्न तुमी लावून द्या." पंधरा ऑगस्टला दोऱ्या बांधा, गॅदरिंगला खुर्च्या मोजा, कुणाला चक्कर आली की बोलवा खेळाच्या मॅडमना. मी वैतागून लुनावर तुमच्या मागे बसले होते. द्वारकेच्या चौकात आलो तर सिग्नलला एक ट्रक उभा. ड्रायव्हरनं तुम्हाला पाहिलं, गाडी तशीच चौकात सोडली, उडी मारून खाली उतरला आणि त्या गर्दीत तुमच्या पाया पडला. मागे हॉर्नचा कल्लोळ. पोलीस शिट्टी फुंकत धावत आला, आणि तोही तुम्हाला बघून थांबला. म्हणाला, "सर, तुम्ही? मी लांब उडीचा." तुम्ही दोघांना एकच विचारलंत, "व्यायाम चालू आहे का?" दोघांचीही पोटं सुटलेली. दोघंही मान खाली घालून उभे.

पुढे गेल्यावर तुम्ही मान न वळवता म्हणालात, "हे मिळतं."

मी भारावून गेले होते, सर. सिन्नरला परत जाताना एस.टी.त उभी राहून गेले आणि पाय दुखतायत हे मला कळलं नाही. आज मलाही थोडंफार तसं मिळतं. माझी एक पोरगी पोलिसात आहे, मोटारसायकलवरून जाताना माझ्या शाळेच्या फाटकाशी थांबून कडक सॅल्यूट ठोकते. दुसरी तिच्या बाळाला घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, ह्याचे पाय बघा, लय लांब हायत, पळंल." मी ते पाय बघितले, मन लावून बघितले. हे सगळं तुमच्यामुळे. हे मी नाकारत नाही. नाकारता येत नाही म्हणून तर जास्त चीड येते.

मग तुमचा पुरस्कार. आदर्श क्रीडाशिक्षक. शाल, श्रीफळ, तो उसना कोट. निवेदिकेनं माईकवर फायनलची गोष्ट रंगवून सांगितली. मूळ गोष्टीपेक्षा ती दुप्पट झाली होती, पंचांच्या डोळ्यांत पाणी वगैरे आलं होतं. आणि शेवटी ती म्हणाली, "ती मुलगी आज या सभागृहात आहे! सरांच्या त्या एका निर्णयानं तिचं आयुष्य घडलं, आज ती स्वतः क्रीडाशिक्षिका आहे. अलकाताई, कृपया उभ्या राहा!"

मी उभी राहिले. काय करणार? पाचशे माणसं माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होती. एका फाउलसाठी टाळ्या मिळवणारी मी जिल्ह्यातली पहिलीच असेन. मी तुमच्याकडे बघितलं. वाटलं, निदान नजर तरी द्याल. तुम्ही हातातल्या नारळाची शेंडी बघत होतात. सबंध वेळ तुम्ही ती शेंडीच बघत होतात.

आणि शेवटची भेट. तुम्ही पलंगावर, आवाज बसलेला, काकू स्वयंपाकघरात. मी पायांशी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "सर, हात लागला होता." सवयीनं म्हटलं. तुम्ही पंख्याकडे बघत होतात. अगदी हळू म्हणालात, "माहितीये."

मी हसले. मला वाटलं, कंटाळलेला माणूस म्हणतो तसं म्हणालात. माहितीये, माहितीये, शंभरदा सांगून झालंय. मी तुम्हाला म्हटलंसुद्धा, "माहितीये माहितीये करून मला उडवून लावू नका, बरे झालात की भांडू." त्या दिवशी तुम्ही 'चहा घे' म्हटला नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं. वाटलं, अशक्तपणा आहे.

आता शोकसभेकडे येते. मुख्याध्यापकांची गोष्ट संपली तेव्हा माझ्या शेजारी बसलेली छाया हुंदके देत होती. ती तुमच्याच कॉलनीत राहते, शिवणकाम करते, काकूंची ब्लाउजं तीच शिवते. मला वाटलं, जवळचं माणूस गेलं म्हणून रडतेय. मी तिला मागे नळावर तोंड धुवायला घेऊन गेले. तिनं तोंड धुतलं नाही. नळ चालू ठेवला आणि बोलायला लागली.

"अलके, हात लागला होता."

मी म्हटलं, "मला माहितीये. मीच लावला होता."

"नाही गं. सरांनाही माहीत होतं."

फायनल हरल्यावर थंडी होती म्हणून छायानं मैदानावरच स्वेटर चढवला होता. घरी जाऊन काढला. तिची आई किंचाळली. आमच्या शाळेचा खेळाचा गडद निळा शर्ट, आणि पाठीवर चार पांढरी बोटं. अंगठा नाही, पण तळव्याचा वरचा भाग उमटलेला. खांबाशी मी रेषेवर आपटले होते ना, माझे हात फक्कीनं भरले होते. छायाच्या आईला यातलं काय कळणार? तिला वाटलं, पोरी हरल्या म्हणून मास्तरनं पाठीत रट्टा घातला. ती माउली दुसऱ्या दिवशी तो शर्ट पिशवीत घालून, छायाला दंडाला धरून, नाशिक रोडहून पहिल्या बसनं शाळेत आली. तुमच्या टेबलावर तिनं शर्ट पसरला आणि म्हणाली, "माझ्या पोरीवर हात टाकायची हिंमत कशी झाली तुमची?"

छाया म्हणाली, तुम्ही शर्टावर वाकलात. मग त्या बोटांवर आपली बोटं ठेवून पाहिलीत. तुमचा पंजा मोठा होता. तिच्या आईला म्हणालात, "ताई, हा मार नाही. हा खो आहे."

आणि तिची आई बाहेर गेल्यावर छायाला म्हणालात, "धुऊन टाक. कुणाला बोलू नकोस."

सर, धुऊन टाक?

मी छायाला तिथेच, नळापाशी, दोन्ही खांद्यांना धरून हलवलं. म्हटलं, "पंधरा वर्षं! माझ्या लग्नात तू करवली होतीस. मी तुला विचारलं होतं, तू म्हणालीस आठवत नाही."

"सरांनी सांगितलं होतं ना," ती म्हणाली. "आणि दहावीत मला कॅप्टन केलं. मला वाटलं, गप्प बसले म्हणूनच केलं. मग तर बोलायची आणखीनच लाज वाटायला लागली."

म्हणजे बघा, तुम्ही तिचंही वाटोळं केलंत. चांगली कॅप्टन होती ती. तिला आजपर्यंत माहीत नाही, आपण खेळानं कॅप्टन झालो की मुकाट बसल्यानं.

मी तुमच्या बाजूनं विचार करून पाहिला. ती सवय तुम्हीच लावलीत, की डाव बदलला की पळणाऱ्यानं पाठलाग करायचा. मला दिसतं ते. निकाल लागला होता. समोरच्या शाळेच्या पोरींनी विभागाला जायच्या बॅगा भरल्या असतील. तुमचं कौतुक सकाळपर्यंत सगळ्या शाळेत झालं होतं, मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर टाळ्या वाजवून घेतल्या होत्या. त्या टाळ्यांमध्ये तो शर्ट घेऊन उभं राहणं अवघड होतं. समजलं. मॅच परत मिळणार नव्हती. पण मला मॅच नको होती हो. मखमलाबादला येऊन आण्णांसमोर एवढंच म्हणायचं होतं की पोरगी खरं बोलतेय, माझं चुकलं. तीन रविवार आलात ना? चिखलात बूट घालून आलात. मग चार शब्द पिशवीत का ठेवलेत?

त्याऐवजी काय काय दिलंत. घमेलं दिलंत. ते मला खिजवायला नव्हतं, आता कळतं. पुन्हा कुठल्या पोरीच्या हाताबद्दल कुणी खोटं बोलू नये, तुम्हीसुद्धा, म्हणून होतं. अकरावी दिलीत. बी.पी.एड.चा फॉर्म स्वतः आणून दिलात. सिन्नरच्या शाळेत शब्द टाकलात. माझ्या गळ्यातली ही शिट्टीसुद्धा तुमचीच. हे सगळं घेताना मला वाटायचं की सरांना माझ्यात काहीतरी दिसतं. चाळीस पोरींतून त्यांनी मला निवडली. या एका गोष्टीवर मी उभी आहे, सर. पोरी दमल्या की त्यांना मी हेच सांगते की कुणीतरी तुमच्यात काहीतरी बघतंय. आता मला कळत नाही की तुम्ही मला बघत होतात की तो शर्ट. त्या तीन रविवारी तुम्ही अलकासाठी आला होतात की चार बोटांसाठी? याचं उत्तर काकूंकडे नाही, छायाकडे नाही. ते घेऊन तुम्ही गेलात. त्यासाठी मी तुम्हाला माफ करणार नाही. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. मग मेलेल्या माणसानंही आधी थोडा विचार करायला हवा होता.

आणि ते 'माहितीये'! पंधरा वर्षांनी तुम्ही खो दिलात तो असा? पंख्याकडे बघून, ओठांतल्या ओठांत? तुमचाच नियम होता ना? पुढचीला कळला नाही तर तो खो नव्हेच. मला नाही कळला, सर. मी चौकोनात बसूनच राहिले आणि हसले.

मुख्याध्यापकांनी मला बोलायला बोलावलं तेव्हा माझे हात ओले होते. माईकसमोर गेले. सगळं तोंडात होतं. समोर काकू, पदर मुठीत आवळून, माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हटलं, "सर फक्की फार वापरायचे." आणि खाली उतरले. लोकांना ते फार सूचक वाटलं. एक बाई डोळे पुसत होत्या.

काल तुमचं दहावं. रामकुंडावर. पिंड मांडून सगळे मागे सरले आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कावळे होते, कठड्यावर ओळीनं होते, पण एकही खाली उतरेना. तुमच्या मुलानं हात जोडले, "आईला नीट सांभाळीन." कावळे जागचे हलले नाहीत. तुमच्या धाकट्या भावानं जमिनीबद्दल काहीतरी कबूल केलं. कावळे तसेच. अर्धा तास झाला. ऊन चढलं. गुरुजी घड्याळ बघायला लागले. "यांचं काय राहिलं असेल?" असं काकू सारखं सारखं म्हणत होत्या. मग त्यांनी माझं मनगट पकडलं. "अलका, तू बोल गं काहीतरी. तुझ्यावर फार जीव होता त्यांचा."

मी पुढे गेले. हात जोडले नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, तुम्ही शिकवलं होतंत तितक्या मोठ्यानं म्हटलं, "सर, हात लागला होता."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. आणि कठड्यावरून एक कावळा उतरला. टुणटुणत आला, मान वाकडी करून पिंडाकडे बघितलं, शेजारी सांडलेलं एक शीत उचललं आणि उडाला.

"शिवला! शिवला!" मागून कुणीतरी ओरडलं. गुरुजी म्हणाले, "शिवला, चला." तुमच्या मुलानं सुटकेचा श्वास टाकला. काकू माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोकळ्या रडल्या. म्हणाल्या, "बघ, तुझ्यासाठीच थांबले होते."

सर, मी पिंडापासून दोन पावलांवर होते. तुमच्यासारखी मैदानाच्या त्या टोकाला नव्हते. चोच लागली नव्हती. चार बोटांचं अंतर होतं. कुणालाच दिसलं नाही, मला दिसलं.

मी काही बोलले नाही. काकूंना धरून पायऱ्या चढले, त्यांना रिक्षात बसवलं. त्यांच्या घरी गेल्यावर त्या म्हणाल्या, "चहा घे." मी घेतला.